गतिमान वेब पृष्ठे आणि वनजिल्ह्यांचे दप्तर

वाचकाने मागणी केल्यानंतर त्या क्षणी सर्व्हर संगणकावर तयार होणाऱ्या वेब पृष्ठास गतिमान वेब पृष्ठ म्हणतात. आगाऊ लिहून ठेवलेले व मागेल त्याला जसेच्या तसे दाखविले जाणारे पृष्ठ हे स्थिर पृष्ठ होय. चावडीच्या भिंतीवर लावलेली जाहीर नोटीस आणि तलाठ्याने दप्तर उघडून मागणाऱ्यास काढून दिलेला उतारा यांत जो फरक आहे, तोच स्थिर व गतिमान पृष्ठांत आहे. नोटीस सर्वांसाठी एकच असते. उतारा मागणीगणिक बदलतो, मात्र तो ज्या नमुन्यात उतरवून द्यावयाचा तो नमुना बदलत नाही. ही तुलना केवळ समजुतीच्या सोयीसाठी केलेली नाही. चंद्रपूर व गडचिरोली या पूर्व विदर्भातील वनजिल्ह्यांच्या सार्वजनिक व्यवहारात गतिमान पृष्ठे आली, ती मुख्यत्वे उताऱ्याची जागा घेणारे साधन म्हणूनच. उतारा देणाऱ्या माणसाच्या जागी आज्ञावली आल्याने काय साधले व काय निसटले, हे या जिल्ह्यांत इतर भागांपेक्षा अधिक स्पष्ट दिसते. कारण येथील भूमीचा फार मोठा भाग वनाखाली असून तिच्यावरील हक्कांपैकी पुष्कळसे एका खातेदाराच्या नावाने सांगता येण्यासारखे नाहीत.

कार्यपद्धती : वाचकाच्या ब्राउझरकडून सर्व्हरकडे मागणी जाते. तिच्यात पृष्ठाचा पत्ता आणि वाचकाने निवडलेली किंवा भरलेली माहिती (उदा., तालुका, गाव व गट क्रमांक) असते. सर्व्हरवरील आज्ञावली ही माहिती तपासते, तिच्या आधारे डेटाबेसमधील नोंदी शोधते, सापडलेल्या नोंदी पृष्ठाच्या साच्यात बसविते व सिद्ध झालेले पृष्ठ परत पाठविते. पृष्ठ वाचकाच्या पडद्यावर दिसते, तरी ते कोठेही साठवून ठेवलेले नसते. पुन्हा मागणी आली की ते पुन्हा घडविले जाते. ज्या डेटाबेसमधून नोंदी येतात तो बहुधा तक्त्यांचा बनलेला असतो. या रचनेचा तात्त्विक पाया एडगर एफ. कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये घातला. प्रत्येक तक्त्याला ठरावीक स्तंभ असतात व प्रत्येक नोंदीला तिची स्वतंत्र ओळख पटविणारी एक खूण लागते. या दोन अटी वरवर पाहता तांत्रिक वाटतात. पुढील विवेचनात त्यांचे महत्त्व दिसून येईल.

प्रत्येक पृष्ठासाठी वरील सर्व कामे नव्याने लिहून काढणे जिकिरीचे असते. म्हणून ती कामे करणारा आज्ञावलींचा तयार सांगाडा वापरतात. त्यास फ्रेमवर्क म्हणतात. मागणी योग्य आज्ञावलीकडे पोहोचविणे, वाचकाची ओळख पटविणे, डेटाबेसशी बोलणे, साचा भरणे आणि वाचकाने भरलेल्या मजकुरातून घातक आज्ञा आत शिरणार नाहीत याची दक्षता घेणे ही कामे फ्रेमवर्क करते. बहुतेक फ्रेमवर्कांची मांडणी नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्व्ह रीन्सकाउग यांनी १९७८-७९ च्या सुमारास सुचविलेल्या त्रिविभागी रचनेवर आधारलेली आहे. तीत माहिती व तिचे नियम एका भागात, ती दाखविण्याची रीत दुसऱ्या भागात व या दोहोंमध्ये मागणीनुसार काम चालविणारा नियंत्रक तिसऱ्या भागात असतो. महसुली परिभाषेत सांगावयाचे तर दप्तर, नमुना व तलाठी असे हे तीन भाग होत. मूळ कल्पनेतील तिसऱ्या भागाला मात्र तलाठ्याप्रमाणे समासात शेरा लिहिता येत नाही.

व्यवहाराची अखंडता राखणे हेही या आज्ञावलींचे काम होय. ताडोबा–अंधारी व्याघ्र प्रकल्पातील सफारीचे आरक्षण वेब पृष्ठांवरून होऊ लागल्यावर त्याची गरज सामान्य पर्यटकालाही कळू लागली. शेवटच्या उरलेल्या गाडीसाठी दोघांनी एकाच क्षणी मागणी केली, तर ती एकालाच मिळाली पाहिजे. तसेच पैसे वळते झाले पण जागा नोंदली गेली नाही, असेही होता कामा नये. यासाठी व्यवहारातील सर्व पायऱ्या एकतर पूर्ण केल्या जातात किंवा सर्व रद्द केल्या जातात. फेरफाराच्या नोंदीलाही हेच तत्त्व लागू पडते.

विकास : वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली (१९५५– ) यांनी जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये मांडली. आरंभीची पृष्ठे स्थिर होती. मागणी आल्यावर सर्व्हरने एखादी आज्ञावली चालवावी व तिचे उत्तर पृष्ठरूपाने द्यावे, यासाठीचा पहिला सर्वमान्य संकेत अमेरिकेतील इलिनॉय येथे १९९३ मध्ये तयार झाला. रास्मस लेर्डोर्फ यांची पीएचपी ही साधने १९९५ मध्ये व मायक्रोसॉफ्टची एएसपी ही प्रणाली १९९६ च्या अखेरीस प्रसृत झाली. पूर्ण अर्थाने फ्रेमवर्क म्हणता येतील अशा रचना त्यानंतरच्या दशकात पुढे आल्या. जावा भाषेतील स्ट्रट्स (२०००), मायक्रोसॉफ्टची एएसपी डॉट नेट (२००२), डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांची रूबी ऑन रेल्स (२००४) आणि जँगो (२००५) या त्यांपैकी प्रमुख होत. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅनझस राज्याच्या एका स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. रोजच्या अंकाची घाई हे त्याच्या रचनेमागील कारण होते, ही बाब विशेष लक्षणीय आहे. शासकीय दप्तराची घाई वेगळ्या जातीची असते.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली. तथापि शासनाच्या संगणकीकरणाचा आरंभ त्याहून जुना आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ मध्ये स्थापन झाले आणि पुढील दशकात त्याने उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्यांची ठाणी एकमेकांशी जोडण्यास प्रारंभ केला. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून तीसाठी चंद्रपूरलगतचा वर्धा जिल्हा निवडण्यात आला होता. वर्धा जिल्ह्यात शेतजमिनीचे प्रमाण मोठे, गावे मोजणी झालेली व खातेदार निश्चित. तेथे जे सुकर ठरले ते वैनगंगेच्या पूर्वेस तसेच सुकर ठरेल, असे गृहीत धरण्यास आधार नव्हता.

जुने दप्तर : १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा (चंद्रपूर) भाग ब्रिटिश अमलाखाली आला व १८६१ मध्ये तो नव्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. या प्रांतात मालगुजारी पद्धत होती. पूर्वेकडील अरण्यमय मुलूख मात्र जमीनदाऱ्यांकडे होता व त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती. मालगुजार व जमीनदार यांचे मालकी हक्क मध्य प्रदेशच्या कायद्याने १९५१ मध्ये संपुष्टात आले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. सत्तांतराच्या प्रत्येक टप्प्यावर दप्तराचे नमुने बदलले, परंतु मध्य प्रांताच्या व्यवस्थेतील दोन दस्तऐवज विदर्भात टिकून राहिले. पहिला, निस्तार पत्रक. जळण, इमारती लाकूड, बांबू, गवत, चराई यांबाबत गावकऱ्यांना असलेल्या सवलती व त्या कोणत्या जमिनीवर भोगावयाच्या याची नोंद त्यात असते. दुसरा, वाजिब-उल-अर्ज. वहिवाटीचे रस्ते, मासेमारी, पाण्याचे वाटप यांसंबंधीच्या गावाच्या रूढी त्यात लिहिल्या जातात. माजी मालगुजारी तलावांच्या पाण्याचे कित्येक वाद या कागदापाशी येऊन थांबतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये या दोहोंसाठी स्वतंत्र कलमे (१६१ व १६५) आहेत. दोन्ही दस्तऐवज गावाच्या नावे असतात, व्यक्तीच्या नावे नव्हे. ते गद्यात लिहिलेले असतात, तक्त्यात नव्हे. संगणकीकरणात प्राधान्य मिळाले ते मात्र गाव नमुना सात, बारा व आठ-अ यांना, म्हणजे खातेदार, पीक व खाते यांच्या नोंदींना.

अशी निवड होण्यामागे दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. कर्ज, खरेदीखत, पीकविमा, न्यायालय या सर्वांना सातबाराच लागतो आणि तक्त्याच्या रूपातील दप्तर आधी तक्त्यात जाणे साहजिक होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की ज्याला वेब पृष्ठ लाभले तेच दप्तर होय, असा समज हळूहळू रूढ झाला.

सातबाराचे संक्रमण : १९९०–२००० या दशकाच्या अखेरीस तालुक्याच्या ठिकाणी संगणक बसवून हस्तलिखित सातबारा त्यांत भरण्याचे काम सुरू झाले. २००८ च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमामुळे त्याला गती मिळाली. पुढे विखुरलेली माहिती एकत्र करून राज्यातील महसूल विभागांप्रमाणे ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर ती सर्वांना पाहण्यास खुली झाली. चंद्रपूर व गडचिरोली नागपूर विभागाखाली येतात. फेरफाराची नोंदही संगणकावर घेण्याची पद्धत (ई-फेरफार) सुरू झाल्यावर हस्तलिखित वही बंद करणे शक्य झाले. त्यापूर्वी वही व संगणक यांतील नोंदी जुळविणे आवश्यक होते. हे काम सर्वांत किचकट ठरले. जुन्या वहीतील खाडाखोड, कंसातील मयताचे नाव, लाल शाईची ओळ, क्षेत्राच्या बेरजेतील तफावत, या सर्वांचा माणसाला लागणारा अर्थ यंत्राला लागत नव्हता. २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचन घेण्यात आले. त्यात संगणकीकृत सातबारा गावात वाचून दाखवून चुका नोंदविण्याची संधी खातेदारांना देण्यात आली. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशांचा आधार घेतला गेला. हजारो सर्व्हर असूनही दप्तराच्या खरेपणाची कसोटी शेवटी मोठ्याने वाचण्यावर आली, ही या इतिहासातील मोठी बोलकी घटना होय. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे अशा स्वाक्षरीला कायद्याची मान्यता होतीच. आता पृष्ठ पाहण्यापुरते न राहता पुराव्याचा कागद झाले. उतारा देण्यासाठी तलाठ्याची वाट पाहणे, तो सज्जावर नसणे, बाजाराच्या दिवशी तालुक्याला खेप घालणे हे सर्व यामुळे कमी झाले. ज्या जिल्ह्यांत तालुक्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांच्या हिशेबात मोजावे लागते तेथे या लाभाला कमी लेखता येणार नाही.

लिपीचा प्रश्न : गतिमान पृष्ठ म्हणजे शोधाचे उत्तर, आणि शोध अक्षरांच्या संकेतांवर चालतो. देवनागरीसाठी भारतीय मानक संकेत १९९१ मध्ये निश्चित झाले. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) भारतीय लिप्यांच्या कामात मोठा वाटा उचलला. तरीही बराच काळ निरनिराळ्या फाँटांत माहिती भरली गेली. अशा माहितीत पडद्यावरील आकार बरोबर दिसे, पण त्यामागील संकेत त्या फाँटापुरताच अर्थपूर्ण असे. युनिकोडमुळे ही अडचण बरीचशी दूर झाली, परंतु पूर्णपणे नाही. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. दोन्ही डोळ्यांना एकच दिसतात व यंत्राला भिन्न. त्याहून अवघड प्रश्न उच्चारांचा आहे. गडचिरोलीच्या दक्षिण भागात माडिया व गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा परिसरात बंगाली, तर उत्तरेस छत्तीसगढी बोलली जाते. माडिया वा गोंडी नाव मराठी भाषक कर्मचाऱ्याने एका दप्तरात एका प्रकारे व बँकेत दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे लिहिले, तर कागदाच्या काळात शेजारी साक्ष देत असे. आज्ञावली अक्षरे जुळवून पाहते, आणि एखाद्या वेलांटीच्या फरकाने मजुरी परत जाऊ शकते.

स्तंभ व हक्क : सातबाराच्या नमुन्यात ‘इतर अधिकार’ असा एक स्तंभ आहे. कुळाचा हक्क, बोजा, विहिरीतील हिस्सा, वहिवाट, आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरावरील निर्बंध अशा परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी तेथे नांदतात. डेटाबेसच्या दृष्टीने हा मोकळा मजकूर होय. तो साठविता येतो व दाखविता येतो, पण त्यावरून मोजदाद करणे किंवा आपोआप नियम लावणे कठीण असते. एखादा निर्बंध स्वतंत्र स्तंभात असेल तर आज्ञावली बेकायदा फेरफार अडवू शकते. तो मजकुरात असेल तर अडविण्याचे काम वाचणाऱ्या माणसाकडेच राहते. म्हणजे हक्काचे रक्षण कसे होणार, हे काही अंशी तक्त्याची आखणी करणाऱ्याच्या हाती जाते. त्याने जिल्हा पाहिलेला असतोच असे नाही.

नोंदीतील एका शब्दावर किती भार पडू शकतो, याचे उदाहरण ‘झुडपी जंगल’ हे आहे. मध्य प्रांताच्या काळापासून विदर्भातील महसुली दप्तरात खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनींना हा शब्द लावला जात असे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात, मालकी कोणाचीही असली तरी शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेले क्षेत्र वन (संवर्धन) अधिनियम, १९८० साठी वन समजावे, असे सांगितले. त्यानंतर नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६,००० हेक्टर झुडपी जंगलाचा प्रश्न उभा राहिला. यातील काही जमिनींवर घरे, शाळा व कचेऱ्या होत्या. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने या जमिनी वनच होत असा निर्णय देऊन १९९६ पूर्वीची वाटपे नियमित करण्याचा मार्ग दाखविला. एके काळी पटवाऱ्याने जमिनीचे वर्णन म्हणून लिहिलेला शब्द असा कायद्याचा वर्ग बनला. संगणकात तो उतरविताना एखादा गट क्रमांक सुटला किंवा चुकीचा पडला, तर ती आता नुसती नकलेची चूक राहत नाही.

वनहक्क : अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ हा ३१ डिसेंबर २००७ पासून अंमलात आला. या कायद्याखालील वैयक्तिक हक्क वारसाने जातो, पण विकता वा हस्तांतरित करता येत नाही. विवाहित व्यक्तीच्या बाबतीत तो पती व पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदला जातो. सामूहिक वनहक्क ग्रामसभेचा असतो व त्याच्या सीमा रूढीने ठरलेल्या असतात. नाला, टेकडी, देवस्थान यांनी त्या ओळखल्या जातात. महसूल खाते जमिनीचा पत्ता जिल्हा, तालुका, गाव व भूमापन क्रमांक असा सांगते. वनखाते तोच पत्ता वनविभाग, परिक्षेत्र, नियतक्षेत्र व कक्ष क्रमांक असा सांगते. एकाच भूमीचे हे दोन पत्ते परस्परांशी जोडणारा तक्ता असल्याखेरीज भूमापन क्रमांक विचारणाऱ्या पृष्ठाला कक्षाचा शोध लागू शकत नाही. जुन्या काळी या दोन खात्यांच्या नकाशांतील तफावत वनरक्षक व पटवारी जागेवर जाऊन मिटवीत किंवा वाढवीत. डेटाबेसांत ती तशीच गोठून राहते.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा आरंभीच्या मान्यतांपैकी ती एक होय. हक्क मिळाला तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच होता आणि परवान्यावाचून माल विकता येत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. देण्यात आली ती एक छापील वही होती. हक्काची घोषणा पुरेशी नसते, नोंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर हक्काचे मूल्य ठरते, हे त्या वहीने दाखवून दिले. वाहतूक परवान्यांसारखी कामे वेब पृष्ठांवर जाऊ लागल्यावर हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. पृष्ठ भरण्याचा संकेतशब्द कोणाकडे, नोंद मंजूर करण्याची कळ कोणाच्या पडद्यावर, आणि ग्रामसभा ही नोंद करणारी संस्था म्हणून प्रणालीला ठाऊक आहे काय? २०१३ मध्ये याच गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली आपल्या शेतजमिनी ग्रामसभेकडे सोपविल्या. खातेदारागणिक खाते हे ज्या नमुन्याचे गृहीत आहे त्या नमुन्याला या गावाने विचारलेला प्रश्न लहान नाही.

हजेरीपट : महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने हजेरीपट हा शब्द ग्रामीण भागात घरोघरी नेला होता. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ हा २ फेब्रुवारी २००६ पासून देशातील ज्या २०० जिल्ह्यांत प्रथम लागू झाला, त्यांत चंद्रपूर व गडचिरोली होते. त्याची माहिती-प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने एएसपी डॉट नेटवर उभारली. जॉबकार्ड, काम, हजेरीपट व मजुरी यांच्या नोंदी गावागणिक कोणालाही पाहता येत. पूर्वी हजेरीपट पाहण्यासाठी अर्ज, विनवणी व कधी मोर्चा लागे. आता खोटी नावे शोधणाऱ्या कार्यकर्त्याला तो दूरच्या शहरातूनही उघडता येऊ लागला. सामाजिक अंकेक्षणाला एवढे मोठे साधन यापूर्वी मिळाले नव्हते. ज्याचे नाव पटावर आहे त्या मजुराला स्वतःला ते पृष्ठ पाहण्यास मात्र सेवा केंद्र गाठावे लागे. १ जानेवारी २०२३ पासून कामावरील हजेरी मोबाईलवरून, दिवसातून दोनदा छायाचित्र पाठवून नोंदविणे बंधनकारक झाले. जेथे संदेशवहनाचा मनोरा दिसण्यासाठी टेकडीवर जावे लागते तेथे या नियमाने कामाचा दिवस यंत्राच्या पोचीवर अवलंबून ठेवला.

दळणवळणाचा हा प्रश्न पृष्ठांच्या रचनेशीही निगडित आहे. एएसपी डॉट नेटच्या पहिल्या पद्धतीत पृष्ठाची पूर्वस्थिती एका अदृश्य रकान्यात साठवून ती प्रत्येक वेळी वाचकाकडे व परत सर्व्हरकडे पाठविली जाते. जिल्हा निवडला की सबंध पृष्ठ पुन्हा येते, तालुका निवडला की पुन्हा, गाव निवडले की पुन्हा. शहरातील जलद जोडणीवर हे लक्षातही येत नाही. भामरागड किंवा एटापल्लीसारख्या तालुक्यात मात्र चार निवडी म्हणजे चार प्रतीक्षा, आणि मध्येच जोडणी तुटल्यास पहिल्यापासून आरंभ. नक्षलग्रस्त भागांत मोबाईल मनोरे उभारण्याची योजना २०१४ मध्ये मंजूर झाली व ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडण्याचे काम २०११ पासून हाती घेण्यात आले. तरी पृष्ठ हलके ठेवणे हा उपाय या दोहोंपेक्षा स्वस्त होता आणि तो फारसा योजला गेला नाही.

दुहेरी नोंदी : डेटाबेसमधील प्रत्येक नोंद एकमेव असावी, या अटीची सर्वांत विलक्षण कसोटी चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास लागते. राजुरा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर आजच्या जिवती तालुक्यातील डोंगराळ सीमेवरील चौदा गावांवर महाराष्ट्र व आंध्र प्रदेश (२०१४ पासून तेलंगण) या दोघांनीही हक्क सांगितला. तेथील पुष्कळ कुटुंबांची नावे दोन्ही राज्यांच्या मतदार याद्यांत आली, दोन्हींकडील शिधापत्रिका त्यांना मिळाल्या, आणि गावात दोन्ही राज्यांच्या शाळा व ग्रामपंचायती चालल्या. कागदी दप्तरे एकमेकांना पाहू शकत नव्हती तोवर ही स्थिती निभावून गेली. आधार क्रमांकाच्या जोडणीने निरनिराळ्या प्रणाली एकमेकींस दिसू लागल्यावर दोन जागी असलेले एक नाव ही वगळण्याजोगी चूक ठरू शकते. दोन सरकारांनी दिलेल्या वस्तीची ती खरी नोंद आहे, हे सांगण्यास तक्त्यात जागा नसते. या गावांतील कित्येकांच्या कसण्यातील जमिनीला तर कोणत्याच राज्याचा पट्टा मिळालेला नव्हता. दोन प्रणालींत नाव असूनही भूमी अभिलेखाच्या पृष्ठावर त्यांचा गट क्रमांक विचारल्यास उत्तर रिकामे येई.